व्हिस्कीत पाणी किती?

व्हिस्की कोरी घ्यावी की तिच्यात काही मिसळावे, हा वाद बैठकीत निघाला की चवीपेक्षा इभ्रतीचीच चर्चा जास्त होते. कोरी घेणारा दर्दी ठरतो, पाणी घालणारा जपून राहणारा, सोडावाला हौशी आणि कोलावाला नवशिका. ही उतरंड कुणी आणि कशावरून ठरवली हे सहसा विचारले जात नाही. स्कॉटलंडपासून जपानपर्यंत या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे, अलीकडे रसायनशास्त्रज्ञांनीही त्यात लक्ष घातले आहे. तरीही त्याचा आढावा घ्यायला मला मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर सगळ्यांत योग्य वाटते. दारू किती कडक असावी हा प्रश्न या गावात एके काळी मोगलांच्या गादीच्या वारसांशी जोडलेला होता. दोन शाहजादे इथे दारूपायी गेले. आणि याच गावाच्या पोटात चारशे वर्षांपूर्वी खोदलेली पाण्याची व्यवस्था आजही वाहती आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पाणी घालावे. चांगल्या व्हिस्कीत थोडे, साध्या व्हिस्कीत भरपूर. कोरी पिण्यात कसले शौर्य नाही आणि मिसळून पिण्यात कमीपणा नाही. मात्र मिसळल्याने दारू कमी होते हा समज धोक्याचा आहे, आणि बऱ्हाणपूरच्या इतिहासात त्याचा पुरावा सापडतो.

जानेवारी १६०१मध्ये असीरगड पडला आणि खानदेशचे फारुकी राज्य संपले. अकबराने हा मुलूख धाकटा मुलगा दानियाल याच्याकडे सोपवला. त्याच्या नावावरून खानदेशला काही काळ ‘दानदेश’ म्हटले गेले. मधला भाऊ मुराद १५९९मध्ये दख्खनच्या मोहिमेवर असतानाच अतिमद्यपानाने गेला होता, त्यामुळे अकबर धास्तावलेला होता. त्याने दानियालची दारू बंद करण्याचा हुकूम बऱ्हाणपूरला धाडला आणि पाळत ठेवण्याचे काम दानियालचा सासरा अब्दुर्रहीम खानखानान याच्यावर टाकले. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. पुढची हकिकत जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. सगळे रस्ते बंद झाल्यावर दानियालने मुर्शिद कुली नावाच्या बंदूकधाऱ्याला बंदुकीच्या नळीतून दारू आणायला सांगितली. ती बंदूक दानियालची आवडती, तिला त्याने जनाज्यावरून नाव दिले होते. नळीत दोनदा गाळलेला अर्क भरला गेला. आतली बारुदीची काजळी आणि लोखंडाचा गंज त्यात उतरला. ते पिऊन शाहजादा कोसळला तो उठलाच नाही. साल १६०५, वयाचे तेहतिसावे वर्ष.

गंजामुळे मृत्यू आला ही गोष्ट सांगायला चटकदार आहे आणि बऱ्हाणपुरात येणाऱ्या पर्यटकांना ती तशीच सांगितली जाते. मला मात्र त्या हकिकतीतला ‘दोनदा गाळलेला’ हा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त उसापासून दारू गाळण्याच्या रीती दिल्या आहेत. दोनदा गाळलेली दारू इतकी जहाल असते की तिने हात भिजवून आगीजवळ धरला तर रंगीबेरंगी ज्वाळा उठतात आणि हाताला इजा होत नाही, असे तो लिहितो. अशी पेटणारी दारू निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक अल्कोहोलची असणार, म्हणजे आज दुकानात मिळणाऱ्या व्हिस्कीहून नक्कीच कडक. दानियाल अशा अर्कावर वर्षानुवर्षे जगत होता. बंदूक हा शेवटचा प्याला होता, शरीर आधीच पोखरलेले होते.

जहांगीरने स्वतःबद्दलही तितक्याच मोकळेपणाने लिहिले आहे आणि आपल्या प्रश्नाला त्याचे लिखाण फार उपयोगी आहे. अटकेजवळ शिकारीने थकला असताना त्याने पहिल्यांदा दीड प्याला गोड, पिवळसर द्राक्षासव घेतले. मग प्रमाण वाढत गेले. द्राक्षाची दारू चढेनाशी झाली तेव्हा तो अर्कावर आला आणि नऊ वर्षांत दिवसाला वीस प्याल्यांवर पोहोचला. चौदा दिवसा, सहा रात्री, तेही दोनदा गाळलेल्या अर्काचे. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने तोंडाशी धरावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट बजावले की असेच चालले तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही. तेव्हा जहांगीरने काय केले? त्याने अर्कात मिसळायला सुरुवात केली. दोन भाग द्राक्षासव आणि एक भाग अर्क. प्यालेही हळूहळू कमी केले आणि सात वर्षांत सहावर आणले. त्यानंतर वर्षानुवर्षे त्याने तेच प्रमाण ठेवले.

मिसळून पिण्याने जीव वाचल्याचे इतके तपशीलवार उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. पण ते नीट वाचले पाहिजे. जहांगीर वाचला तो दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे: दारू सौम्य केली आणि प्यालेही घटवले. प्याला सौम्य करून मोजदाद वीसवरच ठेवली असती तर हकिमाचे भाकीत थोड्या उशिराने का होईना, खरे ठरले असते. त्याचा मिसळलेला प्यालाही काही मवाळ नव्हता. १६१६मध्ये अजमेरच्या दरबारात बादशहाच्या वाढदिवशी इंग्रज वकील सर टॉमस रो याला सोन्याच्या प्याल्यात असेच मिश्रण देण्यात आले, निम्मे द्राक्षाचे आणि निम्मे गाळीव. इतके कडक आपण कधी चाखले नव्हते आणि त्याने आपल्याला शिंक आली, असे रोने रोजनिशीत नोंदवले आहे.

अजमेरला जाण्याआधी हाच रो बऱ्हाणपूरला येऊन गेला होता. नोव्हेंबर १६१५मध्ये सुरतेहून तापीच्या खोऱ्याने वर येऊन तो जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ याला भेटला. परवेझ तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. दरबारानंतर खासगीत पुन्हा भेटायचे ठरले होते. ती भेट झालीच नाही, कारण मधल्या वेळात शाहजाद्याने पेटी उघडली आणि त्याला शुद्ध राहिली नाही. परवेझही १६२६मध्ये बऱ्हाणपुरातच गेला. त्याला विष दिले गेले असा संशय नंतर घेतला गेला, पण त्याच्या मद्यपानाबद्दल कुणाचेच दुमत नाही. एकाच गावात एकवीस वर्षांत दोन वारस गेले. शाहजहानच्या हाती राज्य आले त्यामागे हे दोन मृत्यूही आहेत.

त्याच काळात तापीच्या मुखाशी, सुरतेला आणि किनाऱ्यावरच्या इतर वखारींत, इंग्रजांनी इथल्या अर्कात लिंबू, साखर, पाणी आणि मसाला घालून ‘पंच’ प्यायला सुरुवात केली. कंपनीच्या १६३२च्या एका पत्रात त्याचा उल्लेख येतो. जगभर आज जी मिश्रपेये विकली जातात त्यांच्या पूर्वजांपैकी एक आपल्याच किनाऱ्यावर जन्मले. तेव्हा मिसळून पिणे हे परक्यांचे किंवा अलीकडचे खूळ आहे असे म्हणायला जागा नाही. कडक अर्क आणि उष्ण हवा एकत्र आली की माणूस पाणी शोधतो.

खुद्द व्हिस्की सोड्यात कशी गेली ही गोष्ट थोडक्यात सांगतो. १८३०मध्ये इनियस कॉफीने सलग चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले आणि हलकी, स्वस्त धान्याची दारू मोठ्या प्रमाणावर निघू लागली. ती माल्टमध्ये मिसळून आजची ब्लेंडेड स्कॉच तयार झाली. १८६०नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्सेरा कीड पडली, ब्रँडी दुर्मिळ झाली आणि इंग्रज साहेबाच्या ग्लासातल्या ब्रँडी-सोड्याची जागा व्हिस्की-सोड्याने घेतली. म्हणजे ब्लेंडेड स्कॉच जगभर पोहोचली ती सोड्यासह. कोरी पिणे हीच ‘मूळ’ रीत असल्याचा दावा इथेच ढिला पडतो. आपल्याकडे सोडा साहेबाच्या क्लबातून बाहेर आला तो पारशी आणि इराणी उद्योजकांमुळे. पुण्यात अर्देशीरचा सोडा १८८४पासून, मुंबईत ड्यूक्स १८८९पासून. गोटीची बाटली तर खानदेश-निमाडच्या बाजारांत अजूनही दिसते.

आता बाटलीकडे. भारतातल्या बहुतेक व्हिस्कीवर ४२.८ टक्के हा आकडा असतो. तो असा अर्धवट का, याचे उत्तर जुन्या इंग्रजी मोजणीत आहे. अल्कोहोलने भिजवलेली बारूद जेमतेम पेट घेते ती तीव्रता म्हणजे शंभर प्रूफ, आजच्या हिशेबात सुमारे ५७.१ टक्के. तिच्या पाऊणपट घेतले की ४२.८ येते. काही बाटल्यांवर ७५ डिग्री प्रूफ किंवा २५ यूपी असेही छापलेले आढळते. ज्या गावात बारुदीच्या नळीतून आलेल्या दारूने एक शाहजादा गेला तिथे आज विकली जाणारी व्हिस्कीची बहुतेक प्रत्येक बाटली बारुदीच्याच मापाने ठरलेली आहे. आणि ही तीव्रता निसर्गाने दिलेली नाही. पिंपातून व्हिस्की साधारण साठ टक्क्यांच्या आगेमागे निघते आणि कारखान्यातच पाणी घालून खाली आणली जाते. ‘कोरी’ म्हणून आपण जी ओततो तिच्यात पाणी आधीच पडलेले असते. कारखान्याने घातलेले पाणी चालते आणि मी घातलेले चालत नाही, असे मानायला मला कारण सापडत नाही.

पाण्याने चवीत नेमके काय होते यावर दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातले ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७मध्ये संगणकावर रेणूंचे वर्तन तपासले. त्यांनी ग्वायकॉल निवडले, स्कॉचला धुरकट वास देणारे द्रव्य. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर हे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतात, ५९ टक्क्यांच्या वर गेले की अल्कोहोलमध्ये वेढले जाऊन आत ओढले जातात. पाणी घातले की वास वर येतो, ही जुन्या पिणाऱ्यांची भावना निराधार नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा, २०२३चा. स्कॉच, बोर्बन, राय, आयरिश अशा पंचवीस व्हिस्क्यांत टप्प्याटप्प्याने पाणी वाढवून तरबेज लोकांना वास घ्यायला दिला. पाणी वीस टक्क्यांपर्यंत असताना प्रत्येकीची ओळख टिकत होती. त्यापुढे त्या एकमेकींसारख्या वास देऊ लागल्या.

वीस टक्के म्हणजे किती, हे मापात सांगतो. साठ मिलिलिटरच्या पेगात पंधरा मिलिलिटर, एक मोठा चमचा. त्याने तीव्रता ३४ टक्क्यांच्या आसपास येते. ज्या व्हिस्कीला स्वतःची ओळख आहे तिच्यात एवढे पाणी पुरे आणि एवढे हवेच, असे माझे मत झाले आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. व्यावसायिक ब्लेंडर नमुन्यांचा वास घेताना तीव्रता वीस टक्क्यांपर्यंत खाली आणतात. त्यांना दोष शोधायचे असतात आणि अल्कोहोलच्या भपकाऱ्यात दोष लपतात. आपण दोष शोधायला बसलेलो नसतो. तरी एक गोष्ट त्यातून कळते: जे आयुष्यभर व्हिस्कीचाच वास घेतात ते ती कोरी हुंगत नाहीत.

घशात होणाऱ्या जळजळीला काही जण व्हिस्कीचा दम म्हणतात. तिचे कारण ठाऊक आहे. तोंडात आणि घशात उष्णता ओळखणारे एक ग्राही (रिसेप्टर) असते, तेच मिरचीनेही चेतते. ते साधारण ४२ अंशांना ‘भाजते’ असा इशारा देते. अल्कोहोलमुळे हा उंबरठा ३४ अंशांवर उतरतो, असे २००२मध्ये दाखवले गेले. शरीर ३७ अंशांवर असल्याने आपल्याच उबेने आपल्याला भाजल्यासारखे वाटते. ही जळजळ म्हणजे चव नाही आणि दर्जा तर मुळीच नाही. उत्तम माल्ट आणि अगदी हलका अर्क, दोन्ही कोरे घेतले तर सारखेच जाळतात.

इथे बऱ्हाणपूरच्या हवेचा मुद्दा येतो आणि परदेशी पुस्तके त्याबाबत गप्प असतात. ‘खोलीच्या तापमानाला कोरी घ्यावी’ हा सल्ला ज्या देशातून आला तिथे खोली अठरा-वीस अंशांची असते. बऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि दगडी घरातली खोलीही रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. चाळीस अंशांना अल्कोहोलच्या वाफेचा दाब वीस अंशांच्या तिप्पट असतो. ग्लास नाकाशी नेला की आधी अल्कोहोलच भेटते, मध, धूर, सुकामेवा वगैरे मागे राहतात. उन्हाळ्यात तापीकाठी बसून खोलीच्या तापमानाची कोरी व्हिस्की घेणे म्हणजे स्कॉटलंडची रीत पाळणे नव्हे. स्कॉटलंडच्या खोलीसारखी हवी असेल तर ग्लास थंड करावा लागेल. त्यासाठी एखादा मोठा बर्फाचा खडा किंवा माठातले गार पाणी चालेल. फ्रीजमधल्या चुऱ्याने ग्लास भरला तर चव बधिर होते, कारण फार थंड द्रवातून वास उठतच नाही.

पण हे सगळे ज्या व्हिस्कीला ओळख आहे तिच्याबद्दल झाले. आपल्याकडे सर्वसाधारण दुकानात जी व्हिस्की खपते तिचे काय? ब्रिटनच्या कायद्याने स्कॉच धान्याचीच असावी लागते आणि किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहावी लागते. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य स्वस्त बाटल्यांचा पाया आहे मळीपासून काढलेले तटस्थ अल्कोहोल. त्याला वास जवळजवळ नसतो, तसे ते मुद्दामच बनवतात. त्यात थोडा माल्टचा अर्क, रंग आणि स्वाद घातला जातो. साखर कारखान्यांच्या मुलखात हे होणे साहजिक आहे आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही. मात्र अशा व्हिस्कीत पाण्याने ‘खुलण्यासारखे’ फारसे नसते. तिच्यात सोडा घातला, लिंबू पिळले, पाणी दुप्पट घातले तर काहीच बिघडत नाही. ती कोरी घेण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो. त्यातून हाती लागते ती फक्त जळजळ.

गेल्या वीस वर्षांत दुसरी भारतीय व्हिस्कीही उभी राहिली आहे हे अभिमानाने सांगावेसे वाटते. बेंगळुरूच्या जगदाळे घराण्याच्या अमृत डिस्टिलरीने २००४मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत विकायला नेली. गोव्याच्या कुंकळ्ळीतली पॉल जॉन २०१२मध्ये आली. आपल्या उष्ण हवेत पिंपातली दारू झपाट्याने मुरते आणि झपाट्याने उडूनही जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के उडते, बेंगळुरूत दहा टक्क्यांहून अधिक. त्यामुळे चार-पाच वर्षांत लाकडाचा दाट स्वाद उतरतो आणि अशा माल्टला चमचाभर पाणी फार मानवते. हिच्यात कोला घालणाऱ्याला मी हसणार नाही, पण थांबवण्याचा प्रयत्न जरूर करीन.

कोल्याचा प्रश्न चवीपेक्षा वेगळ्या कारणाने गंभीर आहे. साखर आणि वायू मिळून दारूची चव झाकतात आणि तरुण मुलांना किती प्यायलो याचा अंदाज राहत नाही. साध्या गणिताची गोष्ट आहे. ४२.८ टक्क्यांच्या साठ मिलिलिटरमध्ये सुमारे वीस ग्रॅम अल्कोहोल असते. त्यात चमचाभर पाणी घाला नाहीतर ग्लासभर कोला, ग्रॅम तेवढेच राहतात. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटते. म्हणजे एका मोठ्या पेगाला दोन-तीन तास, एका क्वार्टरला सहा ते नऊ तास. रात्री अकराला संपलेली क्वार्टर सकाळी शाळेत मुलांना सोडायला निघालेल्या बापाच्या रक्तात शिल्लक असू शकते. वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

मिसळण्याने वेगही बदलतो, आणि नेहमी कमीच होतो असे नाही. ब्रिटनमध्ये २००७मध्ये एकवीस जणांना व्होडका कोरी, साध्या पाण्यातून आणि वायूयुक्त पाण्यातून देऊन पाहिली. जवळपास सगळ्यांच्या रक्तात पातळ केलेली दारू कोरीपेक्षा लवकर उतरली आणि चौदा जणांत वायूयुक्त पाण्यातली आणखी लवकर. फार कडक दारूने जठराचे खालचे दार आकसते आणि ती आत अडकून राहते, पातळ केलेली झटकन आतड्यात जाते. ऑस्ट्रेलियात आठ पुरुषांवर केलेल्या एका चाचणीत साखरेऐवजी कृत्रिम गोडी असलेल्या पेयातून दिलेली दारू जठरातून आणखी वेगाने पुढे सरकली आणि रक्तातले प्रमाणही जास्त चढले. नमुने लहान आहेत, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ‘सोडा घातलाय, चढणार नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये एवढे त्यातून नक्की निघते. कोरी पिण्याचा तोटाही खरा आहे. कडक दारू तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या अस्तराला थेट इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्टच सांगितले की मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. जो पीत नाही त्याने चवीच्या असल्या चर्चेमुळे सुरुवात करावी असे या लेखात काहीही नाही.

एका बाबतीत तर पाणी आणि सोडा दोन्ही निरुपयोगी ठरतात. मुंबईत मालवणीला जून २०१५मध्ये शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली, मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात जानेवारी २०२१मध्ये वीसहून अधिक. अशा दारूतले मिथेनॉल जिभेला कळत नाही आणि कशातही मिसळून मारता येत नाही. सील नसलेल्या बाटलीचा प्रश्न मिश्रणाचा नसतोच.

मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२३पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. त्यांच्याविषयी तक्रारी खऱ्या होत्या, विशेषतः शेजारच्या वस्तीतल्या बायकांच्या, आणि त्या निर्णयाला माझा विरोध नाही. परिणाम मात्र ग्लासात दिसतो. अहात्यात टेबल होते, पाण्याचा जग होता, चखणा होता, बसून वेळ काढता येत होता. आता कलारीवरून पव्वा घेतला की बसायला जागा नसते. प्लास्टिकचा ग्लास, पाण्याचा पाऊच, रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या दोन घोट. कधी पाऊचही नाही. कोरी पिण्याचा दर्दीपणा जिथे मिरवला जातो ती दिवाणखान्यातली बैठक वेगळी. घाईने कोरी पिणारे बहुतेक लोक असे उभे राहून पितात, केळीच्या बागेत किंवा यंत्रमागावर दिवस काढून आलेले. त्यांच्यापुढे निवड नसते. चवीची चर्चा करणाऱ्यांनी हा वर्ग नजरेआड करू नये.

आणि आता स्वतः पाणी. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५चा, म्हणजे रो ज्या वर्षी परवेझला भेटला त्याच वर्षीचा. खानखानानच्या काळात इराणी पद्धतीने सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले गेले. ओळीने खोदलेल्या शंभरेक कुंड्यांनी बोगद्यांना हवा आणि उजेड मिळतो, उताराच्या बळावर पाणी आपोआप वाहते. २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. खाली उतरले की भिंतींवर चुन्याचे जाड थर दिसतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे याची ती खूण. प्यायला हे पाणी उत्तम, पण चांगल्या माल्टमध्ये घालायला मी दुसरे निवडीन. कारखान्यांतही बाटलीची तीव्रता खाली आणताना खनिजे काढलेले पाणी वापरतात, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियमने दारू गढूळ होते आणि जड पाण्याला स्वतःची चव असते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर तेही नको. गाळलेले, उकळून निवलेले साधे पाणी सगळ्यांत बरे. सोड्यात जाणाऱ्या रोजच्या व्हिस्कीला एवढी काळजी लागत नाही.

या जिल्ह्यात व्हिस्कीच्या कितीतरी आधीपासून प्यायली जाणारी दारू मोहाची आहे. नेपानगर आणि खकनारकडच्या डोंगरांत कोरकू, बारेला, भिलाला वस्त्यांत फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचली जातात. देवाला आधी, मग पाहुण्याला, आणि पाणी न घालता. घरच्या भट्टीची धार दर वेळी वेगळी निघते. बरीचशी सौम्यच असते, त्यामुळे तिथे कोरी घेणे रास्त आहे. इंग्रजांनी १८९२मध्ये मुंबई इलाख्यात कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधने घातली होती. आता मध्य प्रदेश सरकारने ती ‘हेरिटेज’ दारू म्हणून बाटलीत आणली आहे. अलीराजपूरची मोंड आणि दिंडोरीची मोहुलो ही तिची पहिली नावे. बाटलीत आल्यावर ती कडक आणि एकसारखी झाली, त्यामुळे व्हिस्कीचा प्रश्न आता तिच्याही वाट्याला आला आहे. पहिला घोट कोरा घ्यावा, दुसऱ्या घोटाआधी चमचाभर पाणी घालून पाहावे. कोला किंवा गोड सरबत तिच्यात घालू नये. मोहाच्या फुलाचा तो उग्र-गोड वास ज्याला सोसत नाही त्याने ती बाटली घ्यायलाच नको, आणि ज्याला सोसतो त्याला तो झाकायचा नसतो.